‘डॉन’ असताना ‘जॉनी स्टेक्कीनो’ कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो : “परदेशी विनोदी सिनेमा सुचवा म्हटलं की तुमच्या तोंडून ‘जॉनी स्टेक्कीनो’च कसा निघतो? एकासारखा दिसणारा दुसरा आणि त्यातून घोळ, हे आम्ही ‘अंगूर’मध्ये पाहिलंय, ‘डॉन’मध्ये पाहिलंय. यात नवीन काय?” विचारणाऱ्याच्या सुरात थोडी कुरकुर असते, कारण त्याने आधीच कुठेतरी पंधरा मिनिटं पाहून सिनेमा बंद केलेला असतो. ती पहिली पंधरा मिनिटं रेंगाळतात, हे मलाही मान्य आहे.

सिनेमा इटालियन, १९९१ चा. दिग्दर्शक आणि नायक रोबेर्तो बेनिनी. पुढे ‘लाइफ इज ब्यूटिफुल’साठी ऑस्कर मिळाल्यावर खुर्च्यांच्या पाठींवर पाय देत स्टेजकडे निघाला होता, तोच तो. मारियाच्या भूमिकेत निकोलेत्ता ब्रास्की. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं, आणि तेही चेझेना या तिच्या जन्मगावी. कथेची सुरुवातही चेझेनातच होते.

तिथे दांते नावाचा एक बसचालक राहतो. दिव्यांग मुलांना ने-आण करणारी बस चालवतो. भाबडा आहे, पण अगदीच साधूसंत नव्हे. विम्याचे पैसे उकळायला हात थरथरत असल्याचं सोंग आणतो, आणि नजर चुकवून केळंबिळं लांबवायलाही त्याला काही वाटत नाही. बायका त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एका रात्री मारियाची गाडी त्याच्या अंगावर येता येता वाचते. त्याचं तोंड बघून ती हादरतेच. कारण तिचा नवरा जॉनी, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातला माफिया म्होरक्या, हुबेहूब असाच दिसतो. जॉनीच्या दातांत सतत एक काडी असते, त्यावरून त्याला ‘स्टेक्कीनो’, म्हणजे दात कोरायची काडी, हे टोपणनाव पडलेलं. हा जॉनी आपल्याच लोकांशी दगाफटका करून सध्या स्वतःच्या बंगल्याच्या तळघरात लपून बसलाय, आणि बाहेर सगळे त्याच्या जिवावर उठलेत. मारियाचा बेत सोपा आहे. दांतेला पालेर्मोला बोलवायचं, गावभर मिरवायचं, शत्रूंच्या हातून मरू द्यायचं. जॉनी मेला म्हणून सगळे गप्प बसले की नवराबायकोने आर्जेंटिना गाठायचं.

दांतेला मात्र वाटतं, बाई आपल्यावर भाळली. ती त्याच्या तोंडात काडी देते, गालावर तीळ रंगवते, त्याला जॉनी म्हणते. तो म्हणणार, प्रेमात माणसं असे लाड करतातच.

आता तुमचा प्रश्न. ‘डॉन’मधल्या विजयला माहीत असतं की आपण डॉनच्या जागी उभे आहोत. त्याचा सगळा ताण त्या माहीत असण्यातून येतो. ‘अंगूर’मध्ये दोन अशोक आणि दोन बहादूर यांना काही कळत नसतं, पण शेवटी चौघं समोरासमोर येतात आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. हा साचा फार जुना आहे. ‘अंगूर’च्या मागे शेक्सपिअर आहे, ज्याचं तेच नाटक एकोणिसाव्या शतकात ‘भ्रांतिकृत चमत्कार’ म्हणून मराठीतही आलं होतं. शेक्सपिअरच्या मागे आहे प्लाउटस, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला रोमन नाटककार. त्याच्या ‘मेनेक्मी’त जुळे भाऊ एकाच गावात येतात आणि एकाचं जेवण, एकाची मैत्रीण, एकाची बोलणी दुसऱ्याच्या पदरात पडतात. शेवटी दोघं भेटतात, ओळख पटते, नाटक संपतं.

गंमत बघा, हा प्लाउटस सार्सिनाचा. सावियो नदीच्या खोऱ्यात हे छोटं गाव आहे, आणि तीच नदी खाली वाहत येते ती चेझेनाला. बेनिनीने आणि त्याचा सहलेखक विन्चेन्झो चेरामीने हे ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. ब्रास्कीचं माहेर हे कारण पुरेसं आहे. पण जुळ्यांच्या गोंधळाचा आद्य नाटककार ज्या खोऱ्यातला, तिथलाच एक बसवाला दोन हजार वर्षांनी त्याच गोंधळात सापडतो, याचा मला आनंद होतो खरा.

फरक शेवटाला आहे. दांतेला काहीच कळत नाही. अगदी काहीही नाही. ओळख पटण्याचा प्रसंग, ज्याच्यासाठी असली सगळी नाटकं लिहिली जातात, तो बेनिनीने गाळून टाकलाय. दांते पालेर्मोला जातो, त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात, मारियाचं मन ऐनवेळी फिरतं आणि ती खऱ्या जॉनीलाच शत्रूंच्या हवाली करते, दांतेला गाडीत घालून चेझेनाला आणून सोडते. आणि हा माणूस घरी पोचतो तो ‘सिसिलीत चार दिवस मजेत गेले, लोक मात्र जरा तापट’ एवढीच समजूत घेऊन. तिकडे जॉनीचंही तेच. त्याला आपला हा तोतया दाखवतात, तेव्हा त्याचं मत पडतं की हा माझ्यासारखा जराही दिसत नाही. अख्ख्या शहराला जे साम्य दिसतं ते फक्त त्या दोघांना दिसत नाही. एवढ्या एका प्रसंगासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघू शकते.

केळ्याचा धागा याच कुळातला. पालेर्मोत दांते एक केळं चोरतो आणि नेमका त्याच सुमारास त्याच्यावर गोळीबार होतो. त्याने निष्कर्ष काढला : इथे केळ्याच्या बाबतीत लोक फार कडक आहेत! पुढे कुणीही त्याच्यावर डाफरलं, शिव्याशाप दिले, की त्याच्या डोक्यात ते केळंच. तो ओशाळतो, एका केळ्यासाठी इतकं? हे नुसतं ‘गैरसमज झाला, हसा’ असं नाही. त्याचं म्हणणं आतून अगदी तर्कशुद्ध आहे. त्याला ठाऊक असलेला त्याचा पालेर्मोतला गुन्हा एकच, मग राग त्याचाच असणार ना!

आणि काका. मारियाचा काका म्हणून वावरणारा हा वकील पाओलो बोनाचेल्लीने केलाय. दिग्दर्शक पाझोलिनीच्या ‘सालो’ या सिनेमात ज्याने अंगावर काटा आणला होता, तोच नट इथे लोण्यासारखा मऊ. पालेर्मोत आल्यावर गाडीतून जाताना तो दांतेला आपल्या बेटाची दुखणी समजावून सांगतो. एक एटना ज्वालामुखी. (एटना बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, कातानियाजवळ. पालेर्मोकराने त्याचं रडगाणं गाणं हाच अर्धा विनोद.) दोन, दुष्काळ. आणि मग तो थांबतो, आवाज खाली आणतो, चेहऱ्यावर लाज. तिसरं दुखणं असं की जगात आमची बदनामी झाली, घराघरांत वैर आलं, जगणं मुश्कील झालं. आपल्याला वाटतं, आता माफियाबद्दल बोलला, अखेर बोलला. तर तो म्हणतो : ट्रॅफिक! गाड्या फार झाल्यात!

इटलीत हे वाक्य आजही पालेर्मोबद्दल बोलताना लोक फेकतात. ते का टोचतं हे समजायला तेव्हाचे दिवस आठवायला हवेत. फुटलेल्या माफियावाल्यांच्या, म्हणजे सिनेमातल्या जॉनीसारख्यांच्या, साक्षींवर पालेर्मोत १९८६ साली पावणेपाचशे आरोपींचा महाखटला उभा राहिला होता. लिबेरो ग्रास्सी नावाच्या तिथल्याच कापड-कारखानदाराने जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रातून खंडणीखोराला उघड पत्र लिहिलं, पैसे देणार नाही म्हणून. ऑगस्टअखेर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. हा सिनेमा ऑक्टोबरात लागला. पुढच्या वर्षी मे महिन्यात माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश फाल्कोने आणि जुलैत त्यांचे सहकारी बोर्सेल्लीनो माफियाने घडवलेल्या स्फोटांत मारले गेले. त्या दोन टोकांच्या मधल्या हिवाळ्यात इटालियन प्रेक्षक थिएटरं भरभरून ‘गाड्या फार झाल्यात’वर हसत होते. त्या हंगामात तिथे याच्याइतका दुसरा कुठला सिनेमा चालला नाही. हसून त्यांनी काय साधलं, हे मी दुरून सांगणं आगाऊपणाचं होईल. पण ज्याच्याबद्दल बोलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय, त्या गावात काही न कळणारा माणूस सोडला की बाकीच्यांचं गप्प बसणं आपोआप उघडं पडतं, एवढं मला दिसतं. ते काम कळणाऱ्या विजयकडून झालं नसतं.

बेनिनीच्या अंगाबद्दल सांगायला हवं, कारण शेवटी हा अंगविक्षेपांचा सिनेमा आहे. दांते म्हणजे सगळे सांधे सैल. हात एकीकडे, मान दुसरीकडे, चालताना गुडघे आपलं स्वतंत्र मत बाळगून असल्यासारखे. जॉनी मात्र आवळलेला, तोंडात काडी, डोळे बारीक. मेकअप जवळजवळ काहीच नाही, फक्त तो तीळ. बोलीचाही फरक आहे : दांते तोस्कानी वळणाचं बोलतो, जॉनी ठसक्यात सिसिलियन. सबटायटल्समध्ये ते वाहून जातं. एकाच नटाने एका प्रवेशात वऱ्हाडी आणि पुढच्यात मालवणी बोलावं, तेवढं अंतर समजा. म्हणून डब केलेली प्रत मिळाली तरी बघू नका. मूळ आवाज ऐका, अर्थ नाही कळला तरी सूर कळतो.

सगळंच छान आहे असं नाही. मारियाचं मन का पालटतं, हे पटकथा नीट सांगत नाही. ब्रास्कीच्या चेहऱ्यावर सोडून दिलंय. तिच्याऐवजी मुरलेली विनोदी नटी असती तर, असा विचार माझ्या मनात येतो आणि मग वाटतं की तिचा तो थंडपणाच दांतेच्या उड्यांना भिंत पुरवतो. दुसरी गोष्ट जास्त खटकते. काकाने दांतेला कोकेनची पूड मधुमेहावरचं औषध म्हणून सांगितलेली असते. दांतेचा लिल्लो हा दोस्त डाउन सिंड्रोम असलेला, मधुमेही आणि गोडाचा भोक्ता. घरी परतल्यावर दांते त्याला प्रेमाने ते ‘औषध’ देतो. विनोद म्हणून जुळणी चोख आहे, आधी पेरलेलं इथे उगवतं. तरी मी ते बघताना अवघडते. तेव्हाच्या प्रेक्षकांनी खळखळून हसून घेतलं असेल. आजच्या प्रेक्षकाने हसावंच असा माझा आग्रह नाही.

यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो, मुलांना दाखवावा का. आठवी-नववीतल्या मुलांना खुशाल दाखवा. केळ्याला ती तुमच्यापेक्षा जास्त हसतील. पुडीचं काय ते तुम्हालाच समजावून सांगावं लागेल, आणि ट्रॅफिकचा विनोद कळायला आधी फाल्कोने कोण होते ते सांगावं लागेल. सुरुवातीचा पार्टीचा भाग कंटाळवाणा वाटला तर चहा करून घ्या. मारियाच्या गाडीचा ब्रेक वाजला की या.