चौथं कर्ज

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून मी फोनवरच्या एक-दोन गटांमध्ये लोकांच्या कर्जाच्या प्रश्नांना उत्तरं देते. पैसे घेत नाही. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. ओळखीपाळखीत हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग ते लग्नाचं जेवण असो की दवाखान्यातली रांग. "अहो, घरातली गोष्ट अशी परक्यांपुढे मांडायला लोकांना लाज कशी वाटत नाही? आणि मांडतात ते खरं तरी असतं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लाज वाटते, आणि वाटते म्हणूनच ते परक्यांकडे येतात. परका माणूस उद्या आपल्या भाचीच्या साखरपुड्याला समोर उभा राहणार नसतो. आणि सांगतात ते खरं असतं, पण पुरं नसतं.

पहिला निरोप साधारण असा येतो: ताई, माझी तीन कर्जं आहेत. घराचं, गाडीचं, एक पर्सनल लोन. पगार अमुक. मी हप्त्यांची बेरीज करते, पगारातून वजा करते, तर गणित बसतं. ओढाताण होते, पण बसतं. मग हा माणूस रात्री दीड वाजता मला का लिहितोय? इथे मला कळतं की चौथं कर्ज आहे.

घराचं कर्ज सांगायला कुणाला लाज वाटत नाही, त्याचे तर पेढे वाटतात. गाडीचंही तसंच. क्रेडिट कार्डाचं सांगताना भाषा जरा आखडते, "थोडं कार्डावरही आहे" असं येतं. हे "थोडं" दीड लाखाच्या खाली मी फारसं पाहिलेलं नाही. लाजेच्या उतरंडीत त्याच्याही खाली असतात ते पैसे पतसंस्थेचे, भिशीतून उचललेले, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले, आणि बायकोचं गंठण तारण ठेवून काढलेले. ते गंठण लॉकरमध्ये आहे असं तिला सांगितलेलं असतं. अगदी तळाशी असतात मोबाइलवरच्या ॲपवाल्यांचे आणि ऑनलाइन पत्त्यांत घालवलेले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. खेळ थांबला, त्याच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच आहेत.

आता गंमत बघा. ज्या कर्जाची लाज जास्त, त्याचं व्याजही बहुतेक वेळा जास्त. घराचं कर्ज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मिरवण्यासारखं. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे वर्षाला बेचाळीस. ॲपवाल्यांचं तर विचारूच नका, पाच हजार मंजूर म्हणतात, हातात तीन-साडेतीन ठेवतात आणि सात दिवसांत पाच परत मागतात. (मेहुण्याचे पैसे तेवढे बिनव्याजी. त्यांचं व्याज दर दिवाळीला टोमण्यांत वसूल होतं.) म्हणजे माणूस जे माझ्यापासून झाकतो, नेमकं तेच आधी फेडायला हवं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कर्जाच्या बाबतीत झाकली मूठ दरमहा साडेतीन टक्क्यांनी वाढते.

कार्डाचंच उदाहरण घेऊ. एक लाख थकलेत आणि माणूस दर महिन्याला पाच हजार भरतोय. त्याला वाटतं, वीस-बावीस महिन्यांत सुटू. पण महिन्याचं व्याज झालं ३,५००, व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३०. पाच हजारांतले ४,१३० तिथेच गेले, मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी. हे कार्ड माझ्यापासून लपवलं तर मी काय सांगणार? बोनस आला की पर्सनल लोनमध्ये भरा. सल्ला चूक नाही, फक्त तो वेगळ्याच माणसाला दिलेला असतो. माझ्यासमोर जो तीन कर्जांचा गृहस्थ उभा केला, त्याला.

आकडे झाकणारा हाच माणूस दुसऱ्या बाजूने सगळं उघडं टाकतो. मी नालायक आहे, मी मुलांचं वाटोळं केलं, वडिलांनी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही आणि मी हा असा. मग न मागता पॅन कार्डाचा फोटो, आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट. खरेपणा सिद्ध करायचा असतो बिचाऱ्याला. लोक चुकीचं ते दाखवतात आणि चुकीचं ते लपवतात, एवढंच माझं म्हणणं आहे. मला तुमचं नाव नको, आधार नको, पश्चात्तापही नको. मला प्रत्येक कर्जाची शिल्लक, दर, हप्ता आणि किती हप्ते थकलेत ते हवं. दर लिहिताना तो महिन्याचा की वर्षाचा तेही लिहा, कारण आपल्याकडे हातावरच्या पैशांना "पाच टक्क्यांनी घेतलेत" म्हणतात ते महिन्याचे असतात, आणि गटात बंगळुरूत बसून उत्तर देणारा पोरगा ते वर्षाचे समजतो.

कागदपत्रांबाबत मी इतकं का बोलते? कारण गटात कुणी "कर्जात अडकलोय" असं लिहिलं की थोड्याच वेळात त्याला खासगीत निरोप सुरू होतात. सिबिल साफ करून देतो. चाळीस टक्क्यांत सेटलमेंट करून देतो. नवीन लोन देतो, आधी प्रोसेसिंग फी पाठवा. बुडणाऱ्याच्या खिशात हात घालणारे हे लोक अतिशय गोड बोलतात, आणि लाजेने खचलेल्या माणसाला गोड बोलणारा कुणी भेटलेलाच नसतो. खरं तर पतमाहिती, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद, ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आपला आपण करता येतो. आणि खरी नोंद असेल तर ती कुणालाही पुसता येत नाही, पैसे घेऊन तर नाहीच. सेटलमेंट, म्हणजे ठरलेली कमी रक्कम भरून खातं मिटवणं, झालं तर अहवालात "सेटल्ड" असा शेरा बसतो, पुढे कर्ज मागायला गेलात की तो दिसतो. कधी कधी तरीही सेटलमेंट हाच शहाणपणा असतो. पण ते बँकेशी थेट, लेखी, आणि पत्र हातात आल्यावरच पैसे.

दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. पहिली, चेक. "सही करून कोरे चेक दिलेत का?" असं विचारलं की पलीकडे बराच वेळ शांतता. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला. पण देण्यापोटी दिलेला चेक पैसे नाहीत म्हणून परत गेला तर चेकबाबतच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला मुदती आहेत. चेक परत गेल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला तुम्हाला पंधरा दिवस. हे पंधरा दिवस लोक नोटीस कपाटात कपड्यांखाली ठेवण्यात घालवतात. ऑटो-डेबिट परत जाण्यालाही २००७च्या पेमेंट कायद्यातलं कलम २५ आहे, ते तर अनेकांना ठाऊकच नसतं. उलट व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याची "अटक वॉरंट" पाठवून घाबरवणारे असतात, तो कागद मात्र बहुधा रद्दीच असतो. काय खरं आणि काय रद्दी, हे चेकचं सांगितल्याशिवाय मला तरी कसं कळणार?

दुसरी गोष्ट, जामीनदार. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज असलं की शेजारच्या टेबलावरचा सहकारी जामीन असतो. त्याच्यापासून लपवायचं म्हणून माणूस संस्थेचा हप्ता भरायला ॲपवरून कर्ज काढतो, ह्याची टोपी त्याला, आणि महिनाभरात दोन्हीकडे थकतो. संस्था थकबाकीदारावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि जामीनदाराकडूनही वसूल करू शकते, कारण करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. त्या सहकाऱ्याला नोटिशीतून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, या एका बाबतीत मी आग्रही आहे. इतर बाबतीत मी फारसा उपदेश करत नाही.

ॲपवाल्यांची भीती वेगळी असते. ते फोनमधले सगळे नंबर घेतात, मग मामाला, साहेबांना, शाळेतल्या बाईंना मेसेज जातात, कधी फोटोत छेडछाड करून. त्यांचा सगळा धंदाच लाजेवर उभा आहे. वसुलीला त्यांना कोर्ट लागत नाही, तुमची संपर्कयादी पुरते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं. म्हणून मी आधी विचारते की हे ॲप कुठल्या नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्त कंपनीचं आहे का. असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नसेल आणि धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि सायबर पोलिसांकडे तक्रार. इथे माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो: त्यांनी मेसेज करायच्या आत तुम्हीच सगळ्यांना एक मेसेज टाका, की माझा फोन हॅक झालाय असं नाही, मी एका ॲपवरून कर्ज घेतलं, ते लोक त्रास देतायत, मेसेज आले तर लक्ष देऊ नका. "हॅक झालाय" असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. ते खोटं दोन दिवस टिकतं, मग दुसऱ्यांदा मेसेज येतात.

परक्यांचा सल्ला घेताना एक अडचण अशी की ते कुठले परके, हे कळत नाही. मुलं अमेरिकेतल्या लोकांची चर्चा वाचतात आणि मला विचारतात, दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता येईल का? आपल्याकडे २०१६च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. पगारदार माणसाला त्यातून तिकडच्यासारखी वाट मिळत नाही.

काही निरोप कर्जाचे नसतातच. रकमा नीट लिहिलेल्या असतात, विम्याची रक्कमही लिहिलेली असते, आणि मी गेल्यावर कर्ज माफ होतं का असा शेवटचा प्रश्न. त्याला मी गणिताने उत्तर देत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आधार हेल्पलाइनचा नंबर देते, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. आणि आत्ता घरात जागं कोण आहे ते विचारते.

घरी सांगावं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बायको किंवा नवरा सहकर्जदार असेल तर ते विचारायचंच नाही, आजच सांगा. इतरांना मी म्हणते, आधी मला सगळे आकडे एका खाली एक लिहून पाठवा. एकाने असा निरोप लिहायला आठवडा घेतला. लिहून झाल्यावर त्याने तो जसाच्या तसा स्वयंपाकघरात असलेल्या बायकोला पाठवला. ती शिवणकाम करते. तिने उत्तरात फक्त एवढं विचारलं की यात भिशीचे धरलेत का. धरले नव्हते.

आणि खोटं बोलणाऱ्यांचा राग येतो का? येतो, पण एकाच खोट्याचा. "जमीन विकली" असं लिहितात. खोदून विचारलं की कळतं, विकलेली नाही, सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतलंय, फेडल्यावर परत नावावर करतो म्हणून. विकली म्हणण्यात इभ्रत राहते, सावकाराच्या दारात गेलो होतो हे सांगावं लागत नाही. पण विकली म्हटलं की दारच बंद होतं. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यात कलम १८ आहे. सावकारीतून अशी गेलेली मिळकत, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली असेल तर, चौकशी होऊन परत मिळू शकते. परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि ह्यांनी महिन्याला दहाने घेतलेलं असतं. मी त्यांना विचारते, खरेदीखताची तारीख काय, पैसे रोख मिळाले की खात्यावर, ताबा कुणाकडे आहे, सातबारावर नाव कधी बदललं. नाव-गाव विचारत नाही. जिल्हा आणि तालुका मात्र विचारते, कारण हा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे जातो आणि चौकशीला तालुक्याच्या सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, आणि तिथे सोमवारी गेलेलं बरं की बाजाराच्या दिवशी, एवढं मला बहुतेक तालुक्यांचं अजून आठवतं.