वरचा सा कुठे गेला?

आमच्या सिडकोतल्या घराच्या वरच्या खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. तिला स्टुडिओ म्हणायला जीभ धजत नाही. भिंतींवर आईच्या दोन गोधड्या टांगल्यात, खिडकीला गादी टेकवलीय आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. दिवसा मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर लावायचा, मापात बसला नाही की पार्ट बाजूला. ही खोड लॅपटॉपसमोर बसलो तरी सुटत नाही, आणि तिच्याचपायी काकूंनी माझे कान उपटले.

त्र्यंबकला निवृत्तिनाथांची पौष वारी भरते. त्याआधी शेजारच्या काकूंच्या भजनी मंडळाला दोन अभंग रेकॉर्ड करून हवे होते. पेटी, तबला, टाळ, मागे सहा बायका आणि पुढे काकू. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा सा. दोन टेकमध्ये काम झालं, चहा झाला, मंडळी घरी गेली.

रात्री इक्वलायझर उघडला, म्हणजे आवाजाचे जाड-बारीक भाग वेगवेगळे वरखाली करायचं साधन. चांगला दहा बँडांचा, मागे हिरवा आलेख नाचणारा. काकूंचा ट्रॅक सोलो (बाकीचे बंद) केला आणि आलेखात जिथे टोक वर आलं तिथे बारीक क्यू (अगदी अरुंद रुंदी) लावून खड्डा पाडत गेलो. सात खड्डे झाले. आलेख सपाट, क्वालिटीवाला खूश.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हेडफोन लावला. अर्ध्या अंतऱ्यातच काढला.

"अरे, माझा वरचा सा कुठे गेला? घसा बसल्यासारखी का गातेय मी?"

मी म्हटलं, "काकू, तुमचा आवाज साफ केलाय."

"साफ नाही, पुसलास."

मग आकडे मांडले आणि लाज वाटली. काळी चारचा मध्य षड्ज (मधला सा) साधारण २०८ हर्ट्झ. पंचम (प) ३११, तार षड्ज (वरचा सा) ४१५. माझे सगळ्यात खोल दोन खड्डे होते ३११ आणि ४१५ला! ज्यांना मी दोष समजत होतो ते काकूंचे सूर होते. त्यात ४१५वर मध्य षड्जाचा दुसरा हार्मोनिकही (दुप्पट कंपनांचा उपस्वर) येतो, म्हणजे खालच्या सा चा भरीवपणाही मीच खरवडून काढला होता. काकू पंचमावर ठेहराव घेत आणि नेमका तिथेच आवाज आत बसे.

सगळे खड्डे बुजवले आणि एक साधा प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावला. त्याला दोनच नॉब, बास आणि ट्रेबल. आलेख नाही. याची चाल बाबांच्या जुन्या टेपच्या अ‍ॅम्प्लिफायरसारखीच आहे. पीटर बॅक्सँडॉल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात टोन कंट्रोलचं एक सर्किट छापलं, ते पुढे घरोघरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरलं. वळण इतकं सैल की नॉब फिरवला तरी एखादा सूर तेवढा उचलला जात नाही. शेजारशेजारचे सूर जवळपास एकाच मापाने वरखाली होतात, त्यामुळे सा आणि प यांचं आपसातलं नातं टिकतं. काकूंना बास दीड डेसिबल खाली आणि ट्रेबल दोन वर. बस. असा प्लगिन नसेल तर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या रीईक्यू इक्वलायझरमध्ये मधले बँड बंद करून लो शेल्फ आणि हाय शेल्फ (खालचा आणि वरचा भाग सरसकट वरखाली करणारे) तेवढे ठेवा, काम भागतं. एकाच नॉबचे टिल्टवालेही असतात, तराजूसारखे, एक पारडं वर गेलं की दुसरं खाली.

एक फसगत मात्र इथेही झाली. ट्रेबल वाढवला की एकूण आवाजही थोडा वाढतो, आणि कानाला मोठं ते चांगलं वाटतं. मी दोनाचे चार डेसिबल करत स्वतःवरच खूश होत होतो. आता नॉब फिरवला की आउटपुट तेवढं उतरवतो, मग बायपास दाबून, म्हणजे प्लगिन तात्पुरता बाजूला ठेवून, ताडून बघतो. निम्म्या वेळा काही केलं नसतं तरी चाललं असतं असं निघतं. रात्री मुलं झोपल्यावर हळू आवाजात बासचा निर्णय घेणंही मी सोडलंय. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये हे मोजून दाखवलंय), म्हणून हात आपोआप बासकडे जातो आणि सकाळी गाडीत दगडूबाईच्या गिरणीसारखं घुमतं.

बारीक खड्डा मी अजूनही पाडतो, पण विजेच्या घुमण्यासाठी. ५० हर्ट्झ, १००, १५०. तिथे कुणाचा सूर जाण्याची भीती कमी.

नवं मिक्स काकूंनी आमच्या ओट्यावर बसून ऐकलं. तार षड्जाला मान हलली. मग म्हणाल्या, "टाळ फार वाजतायत रे."

खरंच होतं. काकूंच्या माईकमध्ये टाळही शिरले होते, ट्रेबलबरोबर तेही वर आले. नॉब शून्यावर आणला तर काकू पुन्हा गोधडीआड. शेवटी एक डेसिबलवर तडजोड केली. पुढच्या रेकॉर्डिंगला टाळवाल्या दोघींना दारापाशी, माईककडे पाठ करून बसवायचं ठरलंय. हे त्यांना सांगायचं काम काकूंनी माझ्यावर ढकललंय.