अर्ध्या दिवसाने कोणाचेच काम होत नाही

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ साली दिलेल्या एका व्याख्यानात दूध उत्पादकांच्या सहकारी संघातील एका तंट्याची हकिकत सांगितली होती. दूध संकलनाचे केंद्र उतारावर होते आणि वरून येणारे व खालून येणारे असे दोन्हीकडचे शेतकरी ‘आमचे कॅन आधी उतरवा’ म्हणून अडून बसल्याने संघ मोडण्याची वेळ आली होती. शेवटी कॅन उतरवण्याच्या फलाटाची जागा अशी बदलली की दोघांनाही एकाच वेळी कॅन उतरवता येऊ लागले. मागणी पहिल्या क्रमांकाची होती. गरज मात्र खोळंबा टाळण्याची होती.

कारखान्याच्या नियोजन विभागात काम करताना मला ही हकिकत फार मोलाची वाटते. आमच्याकडे मेंटेनन्स विभागाला हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र) दुरुस्तीसाठी पूर्ण दिवस बंद हवा असे, तर महिनाअखेर जवळ आली की प्रॉडक्शन विभाग एक तासही द्यायला तयार नसे. वरिष्ठ मध्ये पडून अर्धा दिवस देत, आणि माझ्या मते हाच सर्वांत वाईट निर्णय होता, कारण तेवढ्या वेळात तेलाची गळती रोखणारी सील बदलून होत नसत आणि उत्पादनही बुडतच असे. दोन्ही विभागांना ‘हे का हवे आहे?’ असे शांतपणे विचारल्यावर कळले की तेल गाळण्याचे काम प्रेस चालू असतानाही होऊ शकते आणि बंद फक्त सील बदलण्यासाठी लागतो. प्रॉडक्शनलाही बंदची खरी अडचण नव्हती, ऐनवेळी तो समजण्याची होती. आठवडाभर आधी तारीख कळली, तर ते ग्राहकाला पुरेल एवढा माल आधीच करून ठेवू शकत होते. आता बंदच्या तारखा महिन्याच्या सुरुवातीलाच दोघे मिळून ठरवतात.

पगारवाढीच्या करारात मात्र एवढ्याने भागत नाही, कारण तिथे एका बाजूला गेलेला रुपया दुसरीकडून येतो. प्रत्येक संघर्ष असा सुटतोच असे नाही, हे फॉलेट यांनाही मान्य होते. अशा वेळी दोन्ही बाजूंना मान्य असलेला बाहेरचा आधार उपयोगी पडतो. महागाई भत्ता केंद्रीय श्रम ब्युरोच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असेल, तर निदान महागाई किती वाढली यावर वाद घालावा लागत नाही आणि बैठकीचा वेळ मूळ पगार, बढती आणि सुरक्षिततेच्या प्रश्नांना देता येतो.

वादातून असा मार्ग काढण्याचे कौशल्य गोड बोलण्याचे आहे, असा समज मला घातक वाटतो. त्यात तयारीच अधिक लागते. बैठकीपूर्वी समोरच्याची अडचण मी माझ्या शब्दांत लिहून काढते आणि चर्चेच्या सुरुवातीला त्यालाच वाचून दाखवते. ‘नाही, आमचे म्हणणे हे नाही’ असे तो म्हणाला, तर माझी मागणी बाजूला ठेवून आधी तेवढेच नीट समजून घेते.