अर्धी गाडी घरी आणलीय, आता पुढे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: बंद पडलेली जुनी मोटरसायकल मिळालीय, निम्मे पार्ट गायब आहेत, मला मेकॅनिकचं काही येत नाही, ती मी चालू करू शकेन का आणि सुरुवात कुठून करायची.

हो, करू शकाल. सिंगल सिलेंडर, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली गाडी असेल तर नक्कीच, कारण अशा गाडीत लपवाछपवी फार नसते, जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. पण माझी एक अट आहे. गाडी आल्या आल्या काही विकत घ्यायचं नाही आणि काही खोलायचंही नाही. नवीन माणूस उत्साहात पहिल्याच दिवशी सगळं सुटं करतो, नट-बोल्ट एका डब्यात टाकतो आणि मग गायब पार्ट कुठले आणि आपणच काढलेले कुठले हेच कळेनासं होतं. बंद गाडी चालू होते हो, पण डब्यांत भरलेली गाडी बहुतेक वेळा डब्यांतच राहते.

तर आधी यादी. त्या मॉडेलचा पार्ट्स कॅटलॉग मिळवा, म्हणजे ज्यात प्रत्येक भाग सुटा करून चित्रात दाखवलेला असतो आणि त्याला नंबर असतो तो. सर्व्हिस मॅन्युअल वेगळं, तेही लागेल, पण गायब गोष्टी शोधायला कॅटलॉगच कामाचा. पान उघडायचं, गाडीसमोर बसायचं आणि एकेक चित्र ताडून बघायचं. सीट नाही, टाकी नाही, साइड पॅनल नाही, हे कुणालाही दिसतं. वेळ खातात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवरचा स्पेसर, ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून असलेली पट्टी, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबर, इंजिन माउंटिंगचा एखादा लांब बोल्ट. एअर फिल्टरचा डबा तर हमखास गेलेला असतो, आणि तो नसला तरी गाडी चालेल असं सांगणारे खूप भेटतात, पण कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, त्या डब्यातून येणाऱ्या हवेच्या हिशोबाने बसवलेले असतात, डबा काढला की हवा जास्त, पेट्रोल कमी, मग गाडी खोकते, गरम होते आणि तुम्ही कार्बोरेटरला दोष देत बसता. यादीत त्याला वरचं स्थान द्या. आणि हो, चासी नंबर नि इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळतात का ते गाडी घेण्याआधीच बघा, नंबर घासलेला असेल तर ती गाडी नकोच.

यादी झाली की मग इंजिन. टाकी, सीट, रंग, काहीही आणायच्या आधी इंजिन जिवंत आहे का ते कळलं पाहिजे, सगळा खर्च त्यावर ठरतो.

स्पार्क प्लग काढा. त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, खूप नाही, चमचाभर, आणि ते मुरू द्या. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या सिलेंडरची भिंत कोरडी झालेली असते आणि कोरड्यावर किक मारली की पिस्टनच्या रिंगा घासतात. मग किक पायाने न मारता हाताने हळू दाबा. किकच गायब असेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक फिरवा, चेनही नसेल तर मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या चाकाच्या, नटला पाना लावून फिरवा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर करू नका, गंज सोडवणारं तेल टाकून काही दिवस थांबा, रोज थोडं हलवून बघा. जाम इंजिनच्या किकवर उभं राहून उड्या मारल्या की पिस्टन सुटायच्या आधी किकचा शाफ्ट किंवा गिअर तुटतो आणि तो बदलायला बऱ्याच इंजिनांत अख्खं इंजिन उघडावं लागतं.

फिरतंय म्हटल्यावर ड्रेन बोल्ट काढून जुनं ऑइल बघा. काळं असलं तर ठीक आहे. दुधाळ असलं तर पाणी गेलंय. धातूचे चमकणारे तुकडे असले तर आत काहीतरी खाल्लं गेलंय, मग इंजिन उघडायची मनाची तयारी ठेवा.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब. तो मोजायचं गेज मिळालं तर बरं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारायच्या. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण छोट्या फोर स्ट्रोक गाडीला साधारण १२० पीएसआयच्या वर दिसलं की मला धीर येतो. काही गाड्यांत किक हलकी जावी म्हणून डीकॉम्प्रेशनची सोय असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो, म्हणून मॅन्युअल बघा. कमी आलं तर लगेच बोर-पिस्टनवर जाऊ नका. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोर (सिलेंडरची आतली भिंत) गेलंय, कारण ऑइलने ती फट भरली. जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. आणि व्हॉल्व्हचं म्हणाल तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, बघा! त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधली फट, म्हणजे क्लिअरन्स, शून्य झालं की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं, फिलर गेजने ते काही मिनिटांत कळतं. मॅग्नेटोवरची टी खूण जुळवायची, कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला दोन्ही टॅपेट ढिले असतात तेव्हा मोजायचं. छोट्या गाड्यांत बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असतं. मला हे काम फार आवडतं, साधी पातळ पट्टी असते पण त्या पट्टीच्या सरकण्यातून इंजिन तुमच्याशी बोलतं.

मग करंट, म्हणजे प्लगला ठिणगी येते का. प्लग त्याच्या कॅपमध्ये घाला, प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा आणि किक मारा. टेकवलेला हवाच, कारण लटकत ठेवून किक मारली की त्या विजेचा ताण कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) येतो. प्लगच्या भोकाजवळही धरू नका, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळसर, टणक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, बारीक आली तर नवा प्लग, नवी कॅप आणि वायरचं टोक थोडं कापून पुन्हा बघा, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

अजिबात आलीच नाही तर अपूर्ण गाडीत एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, की तुमची सिस्टीम एसी आहे का डीसी. एसी सीडीआय असेल तर करंट मॅग्नेटोतल्या कॉइलमधून येतो, बॅटरी नसली तरी चालतं, आणि बहुतेक अशा गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थ होते म्हणून इंजिन बंद पडतं. म्हणजे चावीचा स्विच गायब असला तरी करंट येऊ शकतो, फक्त ती वायर कुठे बॉडीला टेकलेली नसली पाहिजे, टेकलेली असेल तर दिवसभर किक मारा. डीसीमध्ये उलटं, तिथे बॅटरी आणि चावीमधून १२ व्होल्ट सीडीआयपर्यंत पोचलेच पाहिजेत, त्यामुळे बॅटरी नसलेल्या डीसी गाडीला करंट नाही म्हणून सीडीआय बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. वायरिंग डायग्राम आणि साधं मल्टिमीटर घेऊन बसा. सीडीआयऐवजी पॉइंटवाली (उघडझाप करणाऱ्या संपर्काने ठिणगी देणारी) जुनी गाडी असेल तर पॉइंट साफ करा आणि गॅप लावा. वायरिंग कितीही कापलेलं असलं तरी इंजिन चालू करायला त्यातल्या मोजक्याच वायरी लागतात, हेडलाइट-इंडिकेटरचं नंतर.

पेट्रोल शेवटी. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर ते काढून टाका, वासावरूनच कळतं, आंबूस वार्निशसारखा येतो. टाकी नसेल तर अडून राहू नका, नळ असलेली पेट्रोलसाठीचीच छोटी टाकी कार्बोरेटरपेक्षा उंचावर घट्ट बांधली की तेवढ्यावर इंजिन तपासता येतं. जवळ आग विझवायचं काहीतरी ठेवा आणि काम मोकळ्या हवेत करा, बंद खोलीत धूर जीवघेणा असतो.

कार्बोरेटर खोलताना एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा स्क्रू) आधी पूर्ण आत फिरवून किती आटे जातो ते लिहून ठेवा, मग बाहेर काढा. पायलट जेटचं (कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतं, जुनं पेट्रोल सुकून तेच पहिलं बुजतं, म्हणूनच चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते अशी तक्रार असते. उजेडाकडे धरा, गोल भोक आरपार दिसलं पाहिजे. स्टीलच्या तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. आत रबरी पडदा असलेला कार्बोरेटर असेल तर क्लीनर मारायच्या आधी पडदा काढून बाजूला ठेवा, क्लीनरने तो फुगतो. आणि त्या फुलीवाल्या स्क्रूंना साधा फिलिप्स लावू नका, जपानी डिझाइनच्या गाड्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात, दिसायला सारखेच पण साधा ड्रायव्हर निसटून डोकं खाऊन टाकतो. एवढा एक ड्रायव्हर मात्र यादी व्हायच्या आधीही घ्या.

नवीन ऑइल भरा, चोक ओढा, किक मारा. धरली नाही तर कार्बोरेटरच्या तोंडात थोडं स्टार्टर फ्लुइड फवारा. दोन सेकंद धरून बंद पडली तर खूश व्हा, कॉम्प्रेशन आणि करंट दोन्ही चालतंय हे सिद्ध झालं, शोध आता फक्त पेट्रोलच्या वाटेवर. काहीच झालं नाही तर प्लग काढून ओला आहे का बघा.

चालू झाली की लगेच रेस करू नका. ऑइल वर हेडपर्यंत पोचतंय का ते बघा, आवाज ऐका, कुठून गळतंय का बघा आणि मग बंद करा. आता टाकी, सीट, केबली, बॅटरी आणायला हरकत नाही, आता ते पैसे चालत्या गाडीवर पडतायत.

बॅटरी लावल्यावर रेस थोडी वाढवून तिच्यावर व्होल्टेज मोजा, १४ च्या आसपास हवं, १५ च्या वर गेलं तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर संशयित. रस्त्यावर न्यायच्या आधी ब्रेक पूर्ण उघडून करा, डिस्क असेल तर जुनं फ्लुइड काढून झाकणावर लिहिलेलंच नवीन भरा, आणि टायर कितीही नक्षीदार दिसले तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, तो टायर कधी बनला ते सांगतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पहिलं ऑइल लवकर बदला, आतला साचलेला गाळ सुटून त्यात येतो, आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन माउंटिंग, अ‍ॅक्सल आणि सायलेन्सरचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.