टांगत्या कुंडीत माती घालू नका

लिपस्टिक प्लांट घरी आणलंत की पहिलं काम एकच करा. नर्सरीतून आलेली ती लालसर चिकट माती मुळांवरून हलक्या हातानं काढून टाका. जास्वंदीचं तिच्यात छान भागतं, या वेलीचं नाही.

कारण ही जमिनीवरची वेल नव्हेच. शास्त्रीय नाव एस्किनॅन्थस रॅडिकन्स. मलेशिया-इंडोनेशियाच्या पावसाळी जंगलात ती मोठ्या झाडांच्या खोडांवर, बेचक्यांत वाढते. बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही, आधार तेवढा घेते. मुळांच्या वाट्याला सालीत अडकलेला पालापाचोळा आणि भरपूर वारा. सर आली की भिजायचं, थांबली की निथळायचं. आपल्या सह्याद्रीत झाडांवर सीतेची वेणी फुलते, तिचंही असंच असतं.

म्हणून मी पूजेच्या नारळांची सोडणं टाकत नाही. पेराएवढे तुकडे करायचे, रात्रभर भिजत घालायचे, तपकिरी पाणी ओतून द्यायचं आणि परत एकदा भिजवायचे. त्यात थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडी कोळशाचे खडे आणि मूठभर गांडूळखत. कोळसा आमच्या पार्ल्यात इस्त्रीवाल्याकडे सहज मिळतो. कुंडी लहानच घ्या. मुळं जरा दाटलेली असली की ही वेल जास्त फुलते. मोठ्या कुंडीत ओल नको तितकी टिकते आणि मुळं कुजतात.

आमची गॅलरी पूर्वेची आहे. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारी नुसता उजेड. एवढं तिला पुरतं. पाणी कधी घालायचं हे बास्केट खालून हातानं उचलली की कळतं: हलकी लागली तर घाला, जड असेल तर उद्या बघा. डिसेंबर-जानेवारीत पाणी आणखी कमी करायचं. त्या थोड्या थंड, कोरड्या दिवसांनंतर कळ्या धरायला मदत होते.

आणि कळ्या! टोकाच्या पानांत आधी काळपट जांभळ्या नळ्या दिसतात, नुसत्या पोकळ. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, या करपल्यात, खुडून टाक." म्हटलं, "काकू, थोडं थांबा." मग एका सकाळी नळीच्या तोंडाशी लालभडक टोक दिसलं, वर बारीक लव. हळूहळू ते बाहेर सरकत आलं आणि काकू चष्मा लावून बघायला आल्या. तिच्या मूळ मुलखात सूर्यपक्षी वाकडी चोच घालून हा मध पितात. आपल्याकडचे शिंजीरही त्याच कुळातले, त्यामुळे ग्रिलवर एखादा येऊन बसला की मी पडदासुद्धा हलवत नाही.

जून ते सप्टेंबर बास्केट ग्रिलबाहेर टांगू नका. दमट हवा तिला मानवते, सततची झड नाही. या दिवसांत पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा मिलीबग हा किडा मात्र हमखास शोधा. दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

छाटणी फुलं संपल्यावरच करा. ती फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे आधी कात्री चालवली तर बहर गेलाच. कापलेल्या बोटभर काड्यांची खालची पानं काढून त्याच मिश्रणात खोचल्या की पावसाळ्यात पटकन मुळं धरतात. यंदाच्या काड्या काकूंच्या खिडकीत लावल्यात.