तपकिरी थर दिसला की आधी तो कशाचा आहे ते ओळखा

गेल्या दसऱ्याला आमच्या ठाण्याच्या घरी २०० लिटरच्या टाकीत पहिल्यांदा खारे पाणी भरले. गोड्या पाण्यातले मासे मी पंधरा वर्षे सांभाळले आहेत, त्यामुळे शेवाळ मला नवे नव्हते. काच पुसायची, दिवा कमी वेळ लावायचा, पाणी बदलायचे, एवढ्यावर आजवर भागत आले होते. खाऱ्या टाकीत मात्र हेच उपाय मी एका चुकीच्या गोष्टीवर केले आणि त्यात माझ्या शेवाळ खाणाऱ्या सात गोगलगायी गेल्या. नव्याने टाकी सुरू करणाऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या वाळूवर दालचिनीची पूड भुरभुरावी तसा तपकिरी थर आला. हे डायटम, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शेवाळ, होते. त्यांच्या पेशीचे कवच सिलिकाचे असते, म्हणून पाण्यात सिलिकेट असेपर्यंत ते वाढतात आणि ते संपत आले की ओसरतात. थराजवळ पाण्याचा झोत सोडला की धूळ उडते, तार धरत नाही. नव्या टाकीत डायटम बहुधा येतातच, आणि काही आठवडे धीर धरला तर आपोआप जातात. गेले नाहीत तर संशय पाण्यावर घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी मुद्दाम परत मिसळलेले असते, त्यामुळे ते पाणी टाकीला चालत नाही. मी मेम्ब्रेनच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची) नळी जोडून घेतली असून पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय पाण्यात मीठ घालत नाही. रेझिन संपत आले की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि मीटर तेव्हाही शून्यच दाखवू शकतो, म्हणून रेझिन थोडे लवकरच बदललेले बरे.

डायटम दिवाळीनंतर गेले. डिसेंबरअखेर वाळूवर पुन्हा तपकिरी रंग दिसला, तेव्हा तेच परत आले असे मी धरून चाललो आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणले, शेवाळाचे खाद्य असलेले फॉस्फेट शोषणारे माध्यम लावले, दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलले. थर दर वेळी अधिकच वाढला. त्याला शेंबडासारखी तार सुटत होती आणि तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असे. सकाळी दिवा लागण्यापूर्वी वाळू जवळजवळ स्वच्छ दिसे, दुपारपर्यंत पुन्हा माखलेली. संक्रांतीच्या आसपास गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडू लागल्या. टेस्ट किटवर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येत होते आणि त्याचे मला समाधान वाटत होते, हे आज लिहिताना फार लागते.

भाची प्राणिशास्त्र शिकते. तिने घरी येऊन ड्रॉपरने थोडा थर ओढून घेतला, झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवला, कागदी गाळणीतून गाळला आणि खाली आलेले स्वच्छ दिसणारे पाणी दिव्याखाली ठेवले. तासाभरात त्या पाण्यात तपकिरी तारा पुन्हा जमल्या. एकेकट्या झालेल्या पेशी अशा परत एकत्र येतात, ही डायनोफ्लॅजेलेट्स (थोडक्यात डायनो) या वेगळ्याच एकपेशी जीवांची ठळक खूण. मग तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसायला तिळाच्या दाण्यासारख्या, एका टोकाला निमुळत्या तपकिरी पेशी, आणि प्रत्येक पेशी दाव्याला बांधलेले वासरू खुंट्याभोवती फिरावे तशी जागच्या जागी गोल फिरत होती. ही डायनोंपैकी ऑस्ट्रिओप्सिस. हिच्या काही जाती विषारी असतात आणि हा थर खरवडून खाणाऱ्या गोगलगायी मरतात. साफसफाई करताना हातमोजे जरूर घालावेत.

डायनो बहुधा माजतात ते पाण्यातली नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्ये शून्यावर गेली की. माझ्या टाकीत समुद्रातले जिवंत खडक नव्हते, कोरडे दगड रचलेले होते. आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा समुद्रातून प्रवाळखडक उचलून आणण्याचा विचारही करू नये. पण कोरड्या दगडावर स्पर्धा करणारे जीवाणू आणि शेवाळ सुरुवातीला नसते, आणि जे थोडेफार आले होते त्यांना मी उपाशी ठेवले. म्हणून सगळे उलटे केले. फॉस्फेटचे माध्यम काढले, पाणी बदलणे थांबवले, खाणे वाढवले, आणि टाकीसाठी मिळणाऱ्या द्रावणांनी नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास धरून ठेवले. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, म्हणून टाकीतले पाणी रात्रभर यूव्ही दिव्यातून फिरवले. अँफिडिनियम हा डायनोंचा दुसरा प्रकार मात्र वाळूतच राहतो आणि त्याच्यावर यूव्हीचा फारसा उपयोग होत नाही. सूक्ष्मदर्शकाचा आग्रह मी याचसाठी धरतो. पाच आठवड्यांनी तारा दिसेनाशा झाल्या.

लाल-किरमिजी, बुळबुळीत, साय निघावी तसा अखंड सोलून निघणारा थर असेल तर तो सायनोबॅक्टेरियाचा. पाठ्यपुस्तकात याला नील-हरित शेवाळ म्हटले आहे, पण खाऱ्या टाकीत त्याचा रंग सहसा लाल असतो आणि मुळात ते शेवाळ नसून जीवाणू आहेत. नळीने ओढून काढावे आणि पाणी साचून राहते त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) वळवावा. टाकी नवी असताना प्रतिजैविक घालण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्याने उपयोगी जीवाणूही दगावू शकतात. पिसासारख्या फांद्यांचे ब्रायोप्सिस आणि हिरव्या मण्यांसारखे व्हॅलोनिया एखाददुसरे दिसताच दगडासकट बाहेर काढून उपटावे. व्हॅलोनियाचा मणी टाकीत फोडू नये.

फेब्रुवारीत दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ उगवले आणि ते पाहून मला खरोखर आनंद झाला, कारण ते उपटता येते आणि खाणारेही मिळतात. किट फॉस्फेट ०.०२ दाखवत होते, पण वाढते शेवाळ फॉस्फेट स्वतःच पिऊन टाकते, म्हणून त्या आकड्यावर विसंबून खाणे कमी केले नाही. दर रविवारी टूथब्रशने घासून, सुटलेले तुकडे नळीने ओढून घेतो आणि दिवा सात तास ठेवतो. परवा चार नव्या टर्बो गोगलगायी सोडल्या. त्यांतली एक मागच्या मोठ्या दगडावर चढली आहे आणि तिच्यामागे बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटला आहे.