कारीच्या जेध्यांचे घरचे कागद

वंशावळ म्हटली की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला थेट सूर्यवंश गाठायचा असतो. मधल्या तीन-चारशे वर्षांत कोण कुठे चाकरीला होतं, कुणाशी भांडलं, याचं कुणाला पडलेलं नसतं. मला त्या मधल्यांचंच वेड. म्हणून मोडी शिकलो, आणि घराणं धरलं ते भोर तालुक्यातल्या कारीच्या जेध्यांचं. त्यांचं-आमचं नातं काही नाही. पण मावळातल्या देशमुखाच्या घरातलं इतकं आतलं दुसरीकडे सहसा सापडत नाही.

कान्होजी जेधे रोहिड खोऱ्याचे देशमुख. राजे नव्हेत, दरबारातले बडे सरदारही नव्हेत. खोऱ्याचा वसूल बघायचा, पदरी माणसं बाळगायची, आदिलशाहीचं बोलावणं आलं की हत्यार घेऊन उभं राहायचं.

या घरातून दोन मोलाचे कागद आले. जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती पडली आणि 1916 साली छापून निघाली. शिवजन्माची शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तिच्यातली. तिचा दबदबा मोठा, पण ती कोरडी: तिथी, घटना, पुढची तिथी. माणसं भेटतात ती करीन्यात. वतनावरचा हक्क सांगायला मांडलेली घराण्याची हकीकत ती. तेव्हा वाचताना एवढं धरूनच चालायचं, की लिहिणारा आपल्याच बाजूने बोलणार.

सुरुवातच भाऊबंदकीने होते. कान्होजींच्या वडिलांना, नाईकजींना, त्यांच्या भावांनीच मारलं. तान्हं पोर, म्हणजे कान्होजी, वाचलं ते देव महाला या न्हाव्यामुळे. त्याने त्याला मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचवलं. पासलकरांनी पोर वाढवलं आणि पुढे आपली मुलगीही त्यालाच दिली. कुठल्या वंशवृक्षात देव महाल्याला फांदी मिळेल? तो नसता तर त्या झाडाला कान्होजींच्या खाली काही उरलंच नसतं.

1648 मध्ये जिंजीला शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर अडकले. सुटल्यावर शहाजीराजांनी त्यांना इमानाची शपथ घालून मावळात शिवाजीराजांकडे धाडलं. ती शपथ कसाला लागली 1659 साली. 16 जूनचं आदिलशाही फर्मान कान्होजींच्या नावे आलं: अफझलखानाला सामील व्हा. पाच मुलगे बरोबर घेऊन ते फर्मानासकट शिवाजीराजांकडे गेले. राजांनी बजावलं, खानाकडे गेला नाहीत तर वतन जाईल, जीवही जाईल. कान्होजींनी तिथेच वतनावर पाणी सोडलं. मग राजांनी सांगितलं, तुमची बायकामुलं तळेगावला हलवा. मला या सगळ्यात ही तळेगावची ओळ जास्त आवडते. शपथ वगैरे ठीक, पण खान मावळात उतरला तर घरच्यांचं काय, हा हिशेब कुणीतरी करायला हवाच होता.

त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले. जेधे-खोपडे वैर पिढ्यांचं, वतनावरून. खान पडल्यावर खंडोजी रानात लपले आणि जावई हैबतराव शिळीमकरांकरवी कान्होजींनाच गळ घातली. कान्होजींनी रदबदली केली, राजांनी जीव राखायचं कबूल केलं आणि पुढे खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडला. कान्होजी जाब विचारायला गेले, तर उत्तर मिळालं की तुमच्या शब्दाखातर मारलं नाही, एवढंच.

वतनाच्या कागदात आपल्या घराण्याचा शब्द अर्धाच राहिला, हे लिहून ठेवायची गरज नव्हती. तरी त्यांनी लिहिलं. करीन्यातल्या बाकीच्या हकीकतींवर माझा विश्वास बसतो तो या एका नोंदीमुळे. अर्थात, बोलले ते जेधेच. आता खोपड्यांच्या बाजूचं काय निघतं ते बघायचंय.